कॉलेजातली मुलं आणि गटोपचार : चारचौघांत बोलून खरंच बरं वाटतं का?

केतकीवन

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात समुपदेशक आहे. प्रवेशाची धांदल संपली की ऑगस्टअखेरीपासून मुलं आमच्या खोलीकडे वळू लागतात आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर रांग लागते. त्यांतल्या काहींना मी गटोपचाराच्या गटात, म्हणजे सात-आठ मुलं समुपदेशकासोबत एकत्र बसून बोलतात तिथे, यायला सुचवते. त्यावर मुलांचं आणि पालकांचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : "सगळ्यांसमोर बोलायचं? नको." एकट्याला वेळ द्यायला कोणी नाही म्हणून गटात ढकलतात, असाही एक समज आहे. तो समज दूर व्हावा म्हणून हा धागा. गट ही उरल्यासुरल्यांची सोय नाही. या वयातल्या बऱ्याच दुखण्यांवर तो पहिल्या पसंतीचा उपाय आहे असं माझं ठाम मत आहे. नैराश्य, चिंता यांसारख्या त्रासांत गटातला आणि एकट्याचा उपचार यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत आणि दोन्हींचा गुण साधारण सारखाच दिसतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. हे झालं टोक. त्याच्या अलीकडे जी मुलं उभी आहेत ती कुठल्याच अहवालात येत नाहीत. रात्र रात्र जागणारी, मेसमध्ये ओळखीचं कोणी भेटेल म्हणून जेवण टाळणारी, हजेरी कमी पडून टर्म गेलेली, आणि रविवारी घरचा फोन आला की "सगळं मस्त चाललंय" म्हणणारी. या मुलांना एक गोष्ट अगदी पक्की वाटत असते : बाकी सगळ्यांना जमतंय, मलाच जमत नाही.

गट नेमका यावर काम करतो. तपशील बदलून एक उदाहरण सांगते. मराठी माध्यमातून आलेला, घरातला पहिलाच पदवीपर्यंत पोचलेला एक मुलगा. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गेला की शब्द फुटायचा नाही. कारण इंग्रजी, असं तो धरून चालला होता. त्याच गटात शहरात वाढलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी एक मुलगी होती. वायवाच्या सकाळी आपल्याला उलट्या होतात हे तिने सांगितलं तेव्हा तो मुलगा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. "तू एकटा नाहीस" हे मी त्याला आधी सांगून पाहिलं होतं. पण मी समुपदेशक, असं बोलणं माझं कामच. तिला ते बोलायची काही गरज नव्हती, म्हणून तिचं त्याला पटलं.

आता रचना. एका गटात साधारण सात-आठ जण. त्याहून कमी झाले तर दोघं गैरहजर राहिले की गट कोसळतो, दहाच्या वर गेले की गप्प बसणाऱ्यांना लपायला जागा मिळते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या खोलीत, दीड तास. गट एकदा सुरू झाला की मध्येच नवीन माणूस घेत नाही. गट चालवणारे शक्यतो दोघं, म्हणजे एक बोलत असताना दुसऱ्याचं लक्ष बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर राहतं. प्रत्येकाला आधी एकट्याने भेटल्याशिवाय गटात घेत नाही, आणि ही भेट मी कधीही वगळत नाही. ज्याच्या मनात त्या घडीला जीव देण्याचे विचार तीव्र आहेत, ज्याला भास होताहेत, जो नशेत येईल, त्याला आधी वेगळी आणि तातडीची मदत लागते. एकाच वर्गातली दोन मुलं, रूममेट किंवा जोडपं एका गटात ठेवत नाही.

गटही वेगवेगळे असतात. काही कौशल्यांचे : परीक्षेची धास्ती, रागाचा झटका, झोपेची घडी. त्यांत शिकवणं असतं, घरी करायचा सराव असतो. काही आधारगट : आई-वडील गमावलेली मुलं, दीर्घ आजार असलेली मुलं. आणि काहींत विषयच ठरलेला नसतो. खोलीत आत्ता एकमेकांशी आपण कसं वागतोय हाच विषय. मला स्वतःला हा शेवटचा प्रकार सर्वांत मोलाचा वाटतो आणि चालवायला सर्वांत अवघडही.

ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी १९०५ साली क्षयाच्या गरीब रुग्णांना एकत्र बसवून वर्ग घ्यायला सुरुवात केली. विश्रांती, मोकळी हवा, वजनाची नोंद एवढंच शिकवायचं होतं. पण एकमेकांची प्रगती ऐकून रुग्णांना उभारी येते हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे अर्विन यालोम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी गटात माणूस कशाने बरा होतो याची अकरा कारणं मांडली. आशा, आपलेपणा, मन मोकळं होणं ही त्यांतली काही. मला रोज दिसणारं कारण मात्र त्यांच्या यादीत आहे आणि आपल्याकडे त्यावर कोणी बोलत नाही : दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वर्षभर वाटत असलेल्या मुलाला समोरची मुलगी म्हणते, "तू मागच्या वेळी जे बोललास ते मला आठवडाभर पुरलं." हे एकट्याच्या समुपदेशनात घडणं शक्यच नाही.

कोणी गटात बसलं असेल तर अनुभव जरूर लिहा. शंका असतील तर त्याही.

गोदाकाठ

ताई, फार गरजेचा विषय. मी परभणी जिल्ह्यातून लिहितेय. लेक पुण्यात हॉस्टेलला, दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आली तेव्हा निम्मी झाली होती. नीट जेवेना, खोलीतून बाहेर येईना. विचारलं तर "काही नाही गं आई". तिच्या मैत्रिणीकडून कळलं की ती कॉलेजच्या समुपदेशकांकडे जाते. दोन शंका आहेत. ह्याची कुठे नोंद राहते का? उद्या नोकरीला, लग्नाला आडवं येईल का? आणि गटातली दुसरी मुलं बाहेर बोलली तर? ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

केतकीवन

ताई, लेक स्वतःहून मदत घ्यायला गेली हीच मोठी गोष्ट आहे.

नोंद राहते, पण ती समुपदेशकाच्या कपाटात. गुणपत्रिकेवर, दाखल्यावर काही येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातल्या २३व्या कलमाने गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क आहे. तुमची लेक सज्ञान आहे. अशा मुलीच्या परवानगीशिवाय मी तिच्या आईलाही काही सांगत नाही. अपवाद एकच : तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर. हा अपवाद आम्ही मुलांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो.

गटातल्या बाकीच्यांचं म्हणाल तर खरं तेच सांगते. माझ्यावर व्यवसायाचं आणि कायद्याचं बंधन आहे, मुलांवर तसं नाही. त्यांच्यात असतो तो शब्द. पहिल्या सत्रात सगळे मिळून नियम ठरवतात : इथली नावं आणि गोष्टी बाहेर जाणार नाहीत, फोन बंद, गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही, कॅन्टीनमध्ये भेटलो तर गटाचा विषय काढायचा नाही. मुलं हे नियम मनापासून पाळतात, कारण प्रत्येकाचंच काही ना काही त्या खोलीत ठेवलेलं असतं. तरीही शंभर टक्के हमी कोणी देत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. म्हणून मुलांना सांगतो, जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा. गप्प बसून ऐकायचीही पूर्ण मुभा असते.

अर्धविराम

मी गटात होतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोन विषय राहिले होते, रूमवर पडून असायचो. पहिली काही सत्रं मला अजिबात आवडली नाहीत. लोक रडत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. आपलं दुःख एवढं मोठं नाही, आपण इथे कशाला, असंही वाटायचं.

मग एकदा मी वडिलांबद्दल काहीतरी सांगत होतो. समोरचा मुलगा मला थांबवून म्हणाला, "तू हे हसत हसत का सांगतोयस? मला ऐकताना भीती वाटली आणि तू हसतोयस." मला खरंच माहीत नव्हतं की मी हसतो. बाकीच्यांनीही सांगितलं की म्हणूनच माझं कुणी मनावर घेत नाही. वर्षानुवर्षं मित्रांसमोर तेच करत होतो. आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून कुढत होतो, आणि विचारायची सगळी दारं मीच हसून बंद करत होतो. हे मला एकट्याच्या समुपदेशनात कळलं नसतं, कारण तिथे मी नीट, गंभीर होऊन बोलायचो.

गटात भांडणंही होतात हे लिहायला हवं. एक मुलगी सतत सल्ले द्यायची. एकाने तिला तोडून बोललं, ती उठून गेली. पुढच्या वेळी ती परत आली आणि पूर्ण सत्र त्यावरच झालं. कुणाशी बिनसलं आणि तरी नातं तुटलं नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या घरात बिनसलं की अबोला.

विषय नंतर सुटले. पण त्याचं श्रेय मी गटाला देणार नाही. गटाने मला जेवायला, झोपायला आणि फोन उचलायला लावलं, अभ्यास मीच केला.

सह्यवारा

सगळं पटतंय, पण एक विचारू? आमच्या वेळी हे काम कट्टा करायचा. हॉस्टेलच्या गच्चीवर रात्रभर बसायचो, प्रेमभंगापासून वडिलांच्या कर्जापर्यंत सगळं निघायचं. तज्ज्ञ नव्हता, नियम नव्हते, आणि आम्ही तरलो. आता मुलं फोनमध्ये असतात म्हणून हे कृत्रिम वर्तुळ बनवावं लागतंय का? मुलांना पुन्हा कट्टा मिळवून देणं जास्त सोपं नाही का?

केतकीवन

कट्टा हवाच. ज्याला कट्टा आहे त्याला माझ्या खोलीत बहुधा यावंच लागत नाही. पण कट्ट्यावर कोण बसतं हे पाहा ना. ज्याला पटकन मित्र होतात तो. जो पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात राहिला, ज्याची जात विचारून झाल्यावर ज्याला बोलावणं बंद झालं, ज्या मुलीला सात वाजता हॉस्टेलच्या आत यावं लागतं, ज्या मुलाला आपण मुलग्यांकडे ओढले जातो हे कळलंय, 'कमवा आणि शिका'त काम करून जो नऊला थकून पडतो, त्यांना कट्टा नव्हता. तेव्हाही नव्हता. तुम्ही तरलात, पण जे गच्चीवर आलेच नाहीत त्यांचं काय झालं हे कुणी विचारलं नाही.

दुसरं, कट्ट्यावर दुःख सांगितलं की दोन गोष्टी होतात : सल्ला मिळतो किंवा चेष्टा होते. दोन्ही प्रेमानेच. गटात दोन्ही थांबवायला कोणीतरी बसलेलं असतं, तेवढाच काय तो फरक.

सह्यवारा

गच्चीवर न आलेल्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून एक-दोन चेहरे आठवले. पटलं.

प्रा_वाळवंट

विदर्भातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. इथलं वास्तव : 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे, आत जुने टेबल-पंखे ठेवलेत. मूल्यांकनाची समिती येणार म्हटलं की खोली झाडली जाते. मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून समुपदेशन आहे. त्याच त्या मुलांचे पेपर तपासतात. अशा ठिकाणी कोणतं मूल मन मोकळं करेल?

पण आता कायदा आपल्या बाजूला आहे, हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. नंतर २५ जुलै २०२५ च्या निकालात पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. वसतिगृहात आणि वर्गांत मदतवाहिनीचे क्रमांक ठळक लावायचे, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. खासगी शिकवण्याही यात आल्या. ही तत्त्वं छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. मी ठेवली आहेत.

काळी_माती

मी सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो. वरचं सगळं वाचलं आणि वाटलं, आम्ही कुठे बसतो यात? आम्ही कुठल्याच कॉलेजचे नाही. पदवी होऊन वर्षं गेली. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री दहाला कॉटवर. शेजारच्या खुर्चीवर दोन वर्षं बसणाऱ्याचं पूर्ण नाव माहीत नसतं. परीक्षा पुढे ढकलली की चहाच्या टपरीवर सगळे एकदम बोलतात, आणि निकाल लागला की सगळे एकदम गप्प. गावाकडे विचारतात, "झालं का काही?" त्या तीन शब्दांपायी सणाला घरी जात नाही.

आमच्या अभ्यासिकेतल्या पाच-सहा जणांनी आठवड्यातून एकदा असं बसायचं म्हटलं तर चालेल का? तज्ज्ञ परवडत नाही. उगाच काही बिघडेल का?

मांडवीतीर

गोव्याहून लिहितो. तज्ज्ञ नसताना काही करता येतं का, याचं उत्तर आमच्याकडे शोधलं गेलंय. 'संगत' ही संस्था इथे १९९६ पासून आहे. त्यांनी मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत काम करायला लावलं. सहा ते आठ भेटी, आणि सूत्र साधं : मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी हातून एखादी छोटी गोष्ट करायची. गुण आला आणि तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आला. पण यात प्रशिक्षण आणि नियमित देखरेख दोन्ही होतं, हे विसरू नका.

निवडुंगाचं_फूल

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. एवढीच भर. महाराष्ट्राला गट नवा नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम चालू आहे आणि तिथल्या उपचारांत गट हा कणा आहे. रुग्णांच्या बायकांसाठीही तिथे 'सहचरी' हा गट आहे. गटाने औषध बंद करता येतं असं मात्र कोणी समजू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, अंघोळ, अभ्यास सगळंच ढासळलं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात हे अगदी कमी खर्चात होतं, पुण्यात ससूनमध्ये होतं. औषध सुरू असताना गटात बसलेली मुलं सहसा औषध टाकून देत नाहीत, कारण शेजारी बसलेला दुसराही तीच गोळी घेत असतो.

उत्तरध्रुव

अमेरिकेत मास्टर्स करतेय. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत एकट्याच्या भेटी मोजक्या मिळतात, गट मात्र अख्खी टर्म चालतो आणि खर्च फीमध्येच धरलेला असतो. मी परदेशी विद्यार्थ्यांच्या गटात जाते. नायजेरियाचा मुलगा, कोरियाची मुलगी, आणि मी सांगलीची. कर्ज काढून आलोय, परतायचं तोंड नाही, व्हिसाची टांगती तलवार, हे तिघांचंही जसंच्या तसं. आईच्या आजारपणाबद्दल इंग्रजीत बोलताना मला रडू येत नाही, मराठीत पहिलं वाक्य बोलले की येतं. गट चालवणाऱ्या बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मराठीत बोल, आम्ही ऐकतो. मी बोलले. कुणाला एक शब्द कळला नाही आणि तरी त्या दिवसानंतर मी नीट झोपले.

केतकीवन

@काळी_माती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, बसा. त्याला उपचार म्हणू नका, आधारगट म्हणा. वेळ आणि वार ठरवा, एक तासाच्या वर नको. प्रत्येकाला सारखा वेळ. कोणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. कट-ऑफ, मार्क, कुणाची निवड झाली हे विषय त्या तासापुरते बाहेर. बैठक कोण चालवणार ते दर वेळी बदला, एकावरच भार नको. जमलं तर महिन्यातून एकदा एखादी प्रशिक्षित व्यक्ती बोलवा. काही संस्था हे विनामूल्य करतात, विचारायला लाजू नका. ज्याला एकट्याने बोलायचं आहे त्याच्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही फोनसेवा २०१२ पासून आहे.

@गोदाकाठ ताई, लेकीला "तुला काय झालंय" असं विचारू नका. तिला उत्तर माहीत असतं तर तिने दिलं असतं. "तू तिथे जातेस ते मला कळलंय आणि मला बरं वाटलं," एवढं सांगून विषय बदला. ती बोलेल तेव्हा बोलेल. ह्यांना कधी सांगायचं तेही तिलाच ठरवू दे.

काळी_माती

धन्यवाद ताई. शेवटचं एक. बसलो आणि कोणी म्हणालं की मला जगायचंच नाही, तर? आम्ही घाबरून जाऊ. पोलिसांचं लचांड मागे लागेल का?

केतकीवन

हा प्रश्न आधी विचारलात हे फार चांगलं केलंत. सुरुवात करायच्या आधीच सगळ्यांनी मिळून हे ठरवून ठेवा.

विषय टाळू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. "असं बोलू नये", "आईबापाचा विचार कर" ही वाक्यं त्या वेळी नकोत. ठरवलंय असं उत्तर आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, आणि "कुणाला सांगू नका" हे वचन द्यायचं नाही. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही. फोन त्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, शेजारी बसून तुम्हीच लावा. धोका तातडीचा वाटला तर दोघांनी त्याला सोबत घेऊन थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं, किंवा ११२ लावायचा.

पोलिसांची भीती मनातून काढा. मनातलं बोलणं हा गुन्हा नाहीच. प्रयत्न झाला तरी तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची, असं २०१७ च्या कायद्याचं ११५वं कलम सांगतं.

आणि तो दिवस पार पडल्यावर बाकीच्या पाच जणांनीही त्याच आठवड्यात पुन्हा बसा. ऐकणाऱ्यांनाही ते पेलावं लागतं. पहिली बैठक झाली की इथे लिहा, पुढचं काय अडतंय ते बघू.